तिकीटबाईंचा उजवा गाल

त्या नाटकगृहाच्या तिकीटबाईंना अख्खं गाव ओळखत होतं, पण निम्मंच. खिडकीतून दिसायचा तो डावा गाल, डावा डोळा, डावा कान आणि त्या कानातला मोती. उजवीकडे काय आहे हे विचारायची कुणाला गरजच पडली नाही. माणसाला दोन गाल असतात आणि दुसरा पहिल्यासारखाच असणार, एवढं आपण सगळेच गृहीत धरून चालतो. बाईंची सगळी नोकरी या एका गृहीतावर निभावली होती.

तिकीटखिडकीत बसणारं माणूस खिडकीकडे तोंड करून बसतं. बाईंची खुर्ची मात्र आडवी. डावा खांदा खिडकीला, आणि तोंड बाजूच्या भिंतीवर टांगलेल्या आसनांच्या तक्त्याकडे. कुणी विचारलंच तर उत्तर तयार: तक्ता बघून तिकीट द्यायचं असतं, तुमची तोंडं बघून नव्हे. तिकीट फाडायचं डाव्या हाताने, सुट्टे द्यायचे डाव्या हाताने. लोकांना वाटायचं बाई डावखुऱ्या. कसल्या डावखुऱ्या, घरी भाजी चिरायच्या ती उजव्याच हाताने. मध्यंतरी एक शिस्तीचे मॅनेजर आले होते. त्यांनी खुर्ची सरळ करून घेतली. दुसऱ्या दिवशी ती परत आडवी. त्यांनी परत सरळ करवली, ती परत आडवी. शेवटी मॅनेजरांची बदली झाली आणि खुर्ची होती तिथेच राहिली.

कारण सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही बाईंना उगीच विक्षिप्त म्हणाल. विशीत असताना एका सकाळी बाई उठल्या आणि चहाचा पहिला घोट ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून थेट मांडीवर आला. तोंडावरून वारं गेलं होतं. डॉक्टर म्हणाले, येईल सगळं परत जागेवर. आलंही, बरंचसं. उजवी पापणी जरा खाली राहिली, ओठाचा कोपरा जरा ओघळलेला राहिला. एवढ्यावर भागलं असतं तर बाईंनी निभावून नेलं असतं. पण त्या गालाला एक भलतीच खोड लागली. बाई हसल्या की उजवा डोळा आपोआप मिटायचा. नुसता उजवा. म्हणजे बाई हसल्या की समोरच्याला वाटावं, हिने डोळा मारला.

आता विशीतली मुलगी, त्यात स्वभाव मुळातच खिदळणारा. एकदा बसस्टॉपवर एका गृहस्थांची छत्री वाऱ्याने उलटी झाली, ही हसली, आणि ते गृहस्थ उलटी छत्री तशीच घेऊन हिच्या मागोमाग घरापर्यंत आले. वडिलांनी त्यांना पाणी पाजून वाटेला लावलं. आईने मात्र मुलीला असं काही सुनावलं की तिने त्या दिवसापासून उजवा गाल जगासमोरून काढूनच घेतला. बसमध्ये बसायचं ते उजवीकडच्या खिडकीला लागून. घरी खुर्ची भिंतीला चिकटलेली. रस्त्याने चालताना उजव्या हाताला धाकटी बहीण. धाकटीला तसं कुणी सांगितलं नव्हतं. ती लहानपणी आपणहून त्या बाजूला चालायला लागली आणि पुढे तिचं लग्न झालं, केस पिकले, तरी तिथेच चालत राहिली.

नाटकांचं तर विचारूच नका. नोकरीमुळे बाईंना प्रत्येक नाटक फुकट. पण त्या बसायच्या कुठे, तर शेवटच्या रांगेत उजवीकडची अगदी शेवटची खुर्ची, भिंतीला घासून. दिवे मालवले की जायचं, दिवे लागायच्या आत उठायचं. त्या खुर्चीतून रंगमंचाचा उजवा कोपरा दिसत नाही, मध्ये खांब येतो. बाई ती खुर्ची गिऱ्हाइकाला कधी विकत नसत, शिव्याशाप कोण घेणार म्हणायच्या. दरवर्षी तिथे एक जुनं कौटुंबिक नाटक लागायचं. त्यातले आजोबा नेमके त्या उजव्या कोपऱ्यात बसलेले. दुसऱ्या अंकात ते चकार शब्द बोलत नाहीत, आणि तरीही मध्येच सगळं सभागृह पोट धरधरून हसतं. का हसतं, हे बाईंना कधी कळलं नाही. विचारावं तर समोरचा म्हणणार, अहो बाई, तुम्ही बसता तरी कुठे? म्हणून लोक हसले की बाईही अंधारात अंदाजाने हसून घ्यायच्या.

ऐकायला हे सगळं गमतीचं आहे. एकदा मात्र फार महागात पडलं. बाई तिशीत असताना छापखान्यातला एक मुद्रितं तपासणारा तिकिटाला यायचा आणि मुद्दाम रांगेत शेवटी उभा राहायचा, बोलायला वेळ मिळावा म्हणून. बोलायचा छान. बाई डाव्या ओठाने उत्तरं द्यायच्या, हसू आलं की ते दाबून ठेवायच्या. एक दिवस तो म्हणाला, खिडकी बंद झाली की बाहेर या, चहा घेऊ. बाई हो म्हणाल्या आणि मागच्या दाराने घरी गेल्या. तो बराच वेळ थांबला होता, असं दुसऱ्या दिवशी कळलं. मग हळूहळू तो यायचाच बंद झाला. बाई न्हाणीघरात नळ सोडून पोटभर रडल्या. हे त्यांनी धाकटीलाही सांगितलं नाही.

तर अशा या बाई निवृत्त व्हायला आल्या. आताचे मॅनेजर नवे, तरुण, भारी उत्साही, आणि समोरच्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत 'उत्तम' म्हणून मोकळे होणारे. त्यांनी ठरवलं, बाईंनी इतकी वर्षं खिडकी सांभाळली, तर दर्शनी दालनात खिडकीच्या बरोबर समोर बाईंचा मोठा फोटो लावायचा आणि निरोपाच्या नाटकाला गावाला बोलवायचं. बाई म्हणाल्या, फोटोत मी चांगली येत नाही. मॅनेजर म्हणाले, उत्तम, मग चित्र काढून घेऊ, आपला पेंटर आहेच.

पेंटर म्हणजे नाटकगृहाचे पडदे रंगवणारा. त्याची रंगखोली तिकीटघराच्या मागेच. लांब लांब चौकटी आत-बाहेर न्याव्या लागायच्या म्हणून मधलं दार कायम सताड उघडं. हा बाबा दिवसभर शिडीवर चढून राजवाडे नाहीतर जंगलं रंगवत असायचा. दिवसाकाठी दोन-चार शब्द बोलला तर खूप. बाईंच्या लेखी तो माणसांत मोडतच नव्हता. शिडी, डबे, ब्रश, पेंटर, सगळा मिळून एकच पसारा. रांगेपासून गाल जपायचा, मॅनेजरपासून जपायचा, दारावर किल्ल्यांचा जुडगा खुळखुळवत उभ्या असणाऱ्या कुलूपकाकांपासून जपायचा, एवढं बाईंना पक्कं ठाऊक होतं. पेंटर त्यांच्या हिशेबातच नव्हता.

चित्राला बाईंनी होकार दिला तो एका अटीवर. रंगखोलीच्या दारात त्या डावा गाल पुढे करून उभ्या राहिल्या आणि पेंटरला बजावलं की चित्र काढायचं ते याच बाजूने. पेंटर शिडीवरून त्यांच्याकडे बघत राहिला, जणू ओळख पटवून घेत होता. मग म्हणाला, बरं.

त्यानंतर वेगळाच प्रकार सुरू झाला. बाईंना समोर बसायला बोलावणं राहिलं बाजूला, पेंटर स्वतःच संध्याकाळी तिकिटाच्या रांगेत उभा राहायला लागला. स्वतःच्याच नाटकगृहात, रंगाने माखलेल्या सदऱ्यात, चार लोकांच्या मागे. नंबर लागला की बाईंकडे टक लावून बघायचं, एक तिकीट घ्यायचं आणि नाटक न बघताच चालू लागायचं. एकदा नव्हे, बरेचदा. कुलूपकाकांचं निदान असं की रंगाच्या वासाने त्याचं डोकं फिरलं. बाई म्हणाल्या, आधी तरी कुठे ठिकाणावर होतं.

चित्र झालं. एका दुपारी रिकाम्या सभागृहात ते रंगमंचाच्या मधोमध उभं केलं गेलं, वर चादर टाकून. बघायला चौघं: मॅनेजर, कुलूपकाका, बाई आणि त्यांची धाकटी. पेंटर चित्र ठेवून आपल्या खोलीत निघून गेला होता. कुलूपकाकांनी चादर ओढली. मॅनेजरांनी 'उत्तम' म्हणायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं.

चित्रात चौकोन होते, त्रिकोण होते, विटकरी, राखाडी, शेवाळी. मध्यावर कुठेतरी एक नाक होतं, बाजूने दिसतं तसं. त्याला चिकटून अर्धं नाक आणखी होतं, ते समोरून. एक कान कानाच्या जागी, दुसरा खांद्याला टेकलेला आणि चांगला ऐसपैस. एक हात तिकीट पुढे करत होता, दुसरा मांडीवर निवांत पडला होता, आणि तिसराही कुठेतरी असावा असा कुलूपकाकांना संशय होता. एक डोळा टक्क उघडा. दुसऱ्याच्या जागी नुसती एक वाकलेली रेघ.

आता नाटकवाल्यांची एक गंमत असते. काही नीट दिसलं नाही की ते वस्तूला दोष देत नाहीत, खुर्चीला देतात. मॅनेजर म्हणाले, आपण फार जवळ बसलोय. झालं, सगळे उठले. कुलूपकाका डावीकडच्या टोकाला जाऊन बसले आणि तिथून त्यांना चित्रात एक कोंबडी सापडली. मॅनेजर बाल्कनीत गेले आणि वरून ओरडून सांगायला लागले की हा जिन्यावरून पडलेला पियानो आहे. मधल्या रांगेतून धाकटी म्हणाली, बाकी काही असो, नाक आपल्या आत्याचं आहे. मग पियानो बघायला कुलूपकाका धापा टाकत बाल्कनीत चढले आणि कोंबडी बघायला मॅनेजर खाली आले. मॅनेजरांना कोंबडी काही सापडेना, तेव्हा ते खरोखर हिरमुसले.

बाई सवयीने आपल्या जागी गेल्या होत्या, शेवटची रांग, उजवीकडची शेवटची खुर्ची. तिथून चित्र तिरकं दिसत होतं, आणि तिरकं बघताना ते सगळे तुकडे एकमेकांत सरकून जवळ आले. बाईंना त्यात त्यांचा उजवा गाल दिसला. जरा खाली आलेली पापणी, ओघळलेला कोपरा, आणि हसताना मिटतो तसा मिटलेला डोळा. कुणीतरी आपल्याला न्हाणीघराच्या फटीतून बघितल्यासारखं त्यांना वाटलं.

तोवर बाकीचे मधल्या रांगेपाशी जमले होते आणि मिटलेल्या डोळ्यावर चर्चा रंगली होती. मॅनेजरांच्या मते बाई सेवेने थकून झोपल्या आहेत, हे प्रतीक आहे. कुलूपकाकांच्या मते बाई कुणावर तरी नेम धरतायत. धाकटीने मात्र ओळखलं होतं. ती मान वळवून मागे ताईकडे बघायला लागली, आणि ते बघणं पाहूनच बाईंचा तोल गेला. त्या तरातरा मधल्या रांगेपर्यंत आल्या.

"तूच सांगितलंस त्याला," त्या म्हणाल्या. "जगात हे फक्त तुला माहीत आहे."

धाकटीचा चेहरा पडला. ती एवढंच म्हणाली की जन्मभर त्या बाजूने चालले ती काय गावाला सांगत सुटायला? मग तिने पिशवी उचलली आणि निघून गेली. मॅनेजरांना काय चाललंय ते कळेना. ते समजूत घालायला लागले की आमंत्रणं गेली आहेत, चित्राखालची पाटीसुद्धा कोरून आली आहे, फारच वाटलं तर समोर एक उंच कुंडी ठेवता येईल. कुलूपकाका म्हणाले, अहो बाई, घाबरता कशाला, या चित्रात तुम्ही आहात हे कुणाच्या बापाला कळणार नाही. बाईंनी निक्षून सांगितलं की हे चित्र लागणार नाही, आणि लागलं तर निरोपाला त्या येणार नाहीत. एवढं बोलून त्या तडक रंगखोलीत गेल्या.

पेंटर शिडीवर होता, एका राजवाड्याची सावली रंगवत.

"कुणी सांगितलं तुम्हाला?" बाईंनी विचारलं.

"काय?"

"हे." आणि बाईंनी कित्येक वर्षांत पहिल्यांदा स्वतःच्या उजव्या गालावर बोट ठेवलं.

पेंटर सावकाश खाली उतरला. हात पुसले. त्याने ब्रशच्या दांड्याने उघड्या दाराकडे दाखवलं. बाई वळल्या. दारातून त्यांची खुर्ची दिसत होती, रिकामी, आडवी. पलीकडे खिडकी, अलीकडे ही शिडी. या खोलीतून आपली खुर्ची कशी दिसते हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. खिडकीपासून जो गाल लपवला तो इतकी वर्षं सरळ या शिडीकडे करून त्या बसल्या होत्या.

"मला हीच बाजू माहीत," पेंटर म्हणाला. "तुम्ही डावीकडून काढा म्हणालात तेव्हा मी गोंधळलो. डावी बाजू बघायला रांगेत उभा राहिलो."

बाई एका उपड्या डब्यावर मटकन बसल्या. पेंटर त्या दिवशी वर्षाचं सगळं बोलून घेतल्यासारखा बोलला. पडदा रंगवायचा तर त्याला एकच गोष्ट सांभाळावी लागते. डावीकडच्या शेवटच्या खुर्चीतूनही दार दारच दिसलं पाहिजे आणि उजवीकडच्या शेवटच्या खुर्चीतूनही. एकाच बाजूचं बघून रंगवला तर अर्धं सभागृह फसतं. त्यामुळे त्याला वाटलं, गावाने बघितलेल्या बाई आणि त्याने बघितलेल्या बाई, दोन्ही चित्रात आल्या पाहिजेत. सांधा जुळवताना नाक थोडं जास्त झालं, हे त्याने कबूल केलं.

"आणि तो डोळा?"

पेंटर चक्क लाजला. "तो तर तुम्ही रोजच मारता."

"मी?"

"एखादं गिऱ्हाईक शहाणपणा करून जातं. ते वळलं की तुम्ही डोळा मारता. मला वाटायचं, मला सांगताय, बघा काय एकेक नमुने येतात." त्याने ब्रशचे केस बोटाने सरळ केले. "मीही मारायचो, परत. तुम्ही कधी वळून बघितलं नाहीत."

बाईंना सगळं आठवलं. दाबून ठेवलेलं हसू, गिऱ्हाईक दिसेनासं होईपर्यंत धरलेला श्वास, आणि मग तक्त्याकडे बघत एकटीने हसून घेणं. एकटीने कुठलं. मागे शिडीवर एक माणूस दर वेळी उत्तर देत होता आणि आपण त्याला डब्यांत आणि ब्रशांत मोजत होतो. त्यांना त्या छापखान्यातल्या माणसाची आठवण आली आणि घशात आवंढा आला. त्याला एकदा, फक्त एकदा हा गाल दाखवून बघायला हवा होता, असं त्यांना फार वाटलं.

पण खोटं त्यांना चालत नसे. त्यांनी सांगून टाकलं.

"मी डोळा मारत नव्हते हो. हसलं की तो मिटतो. आजारपणात बिघडलाय."

पेंटरने यावर विचार केला. "असेल," तो म्हणाला. "पण वेळ अचूक साधायचा."

आणि बाईंना हसू आलं. आवंढा घशात असतानाच आलं, त्यामुळे दोन्हींचा विचका झाला आणि नाकातून भलताच आवाज निघाला. पेंटरने तोवर पांढऱ्या रंगाच्या डब्यात रुंद ब्रश बुडवला होता. तो गंभीरपणे म्हणाला की नको असेल तर बाई बसल्या आहेत तोवर उजवी बाजू बुजवून टाकतो, त्याचं काही म्हणणं नाही. ब्रशवरून रंगाचे थेंब जमिनीवर पडत होते. बाई त्या थेंबांकडे बघत बसल्या. मग उठल्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "कान तेवढा लहान करा. एवढा नाही माझा."

पेंटरने त्यांचा उजवा कान नीट निरखून पाहिला. "आहे," तो म्हणाला, आणि शिडीवर चढला.

घरी धाकटी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली होती, प्रत्येक घडी अशी की जणू कुणाला तरी थापट्या मारतेय. बाईंनी भिंतीजवळची आपली खुर्ची ओढली, तिच्यापुढे सरळ ठेवली आणि समोरासमोर बसल्या. माझं चुकलं, असं त्या म्हणाल्या. धाकटीने आणखी दोन घड्या घालून घेतल्या, राग लगेच सोडायचा नसतो म्हणून. मग पेंटरचं सगळं ऐकून झाल्यावर तिने विचारलं की ते सगळं ठीक आहे, पण त्याने कान एवढा का काढलाय. दोघी बहिणी खूप वेळ हसल्या, आणि धाकटीने बऱ्याच वर्षांनी ताईला समोरून हसताना पाहिलं.

निरोपाच्या संध्याकाळी दर्शनी दालनात चित्राभोवती ही गर्दी. जो तो मान तिरकी करून बाईंना शोधतोय. एका शिक्षकांनी पोरांना समजावून सांगितलं की हा मानवी मनाचा नकाशा आहे. शेजारच्या केशकर्तनवाल्याने म्हटलं, मन नाही, गालच आहेत, पण दाढी करायची तर सुरुवात कुठून करावी? कोंबडी आणखी तिघांना सापडली आणि कुलूपकाका त्या तिघांना चहा पाजायला निघाले. मॅनेजर सगळ्यांनाच उत्तम म्हणत फिरत होते.

आणि इकडे खिडकीत बाईंनी खुर्ची सरळ केली होती. शेवटचा दिवस, शेवटची रांग, आणि तोंड थेट लोकांकडे. रांगेतला पहिला माणूस कित्येक वर्षांचं नेहमीचं गिऱ्हाईक. त्याने आत वाकून बघितलं, मग परत बघितलं, आणि अदबीने विचारलं की नेहमीच्या बाई आज नाहीत का? बाई म्हणाल्या, त्याच आहेत. तो विश्वास बसेना म्हणून डोकं वाकडं करून डावीकडून बघायला लागला, तेव्हा बाईंना हसू फुटलं आणि उजवा डोळा मिटला. त्या बिचाऱ्याचे कान लाल झाले, हातातले सुट्टे खाली सांडले, आणि तो तिकीट घेऊन जाताना दोनदा वळून बघत गेला. पुढच्याने मात्र नुसतीच दोन तिकिटं मागितली. त्याच्या पुढच्यानेही. कुणी दचकलं, कुणी बघून न बघितल्यासारखं केलं, बहुतेकांना आपली जागा चांगली मिळतेय ना एवढीच काळजी होती. एक म्हातारी म्हणाली, आज तुम्ही बऱ्या दिसता. बाईंना या संध्याकाळची सगळ्यात जास्त भीती वाटली होती, आणि ती अशी पटकन सरूनही गेली.

खिडकी बंद करताना त्यांनी तक्त्यावरची मधल्या रांगेतली ऐन मधली जागा स्वतःला दिली, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या जागांची दोन तिकिटंही फाडून घेतली. त्यातलं एक तिकीट त्या मागच्या दारातून रंगखोलीत जाऊन शिडीच्या पायरीवर ठेवून आल्या. नाटक तेच होतं, जुनं कौटुंबिक.

आत गेल्यावर धाकटी सवयीने उजवीकडे बसायला वळली. बाईंनी तिला हाताला धरून डावीकडे बसवलं. दिवे मालवायच्या जरा आधी पेंटर आला. धुतलेला सदरा, पण कानामागे शेवाळी रंग तसाच. तो उजवीकडच्या जागेवर बसला, जशी ती जागा कायम त्याचीच होती. पुढच्या रांगेत लोक, मागच्या रांगेत लोक, दोन्ही हातांना लोक. बाईंनी हात मांडीवर ठेवले.

दुसरा अंक सुरू झाला आणि बाईंनी आयुष्यात पहिल्यांदा तो उजवा कोपरा पाहिला. तिथे आजोबा होते, आणि आजोबांच्या डोक्यावर भिंतीला उंच टांगलेलं एक घड्याळ. घरातले सगळे त्यांना सारखे म्हणत होते, आजोबा, झोपायची वेळ झाली. आणि सगळ्यांची पाठ वळली की आजोबा काठीने हळूच घड्याळाचा काटा मागे सारत होते. मग घरातलं कुणीतरी घड्याळाकडे बघायचं आणि म्हणायचं, अरे, अजून वेळ आहे की. आजोबा परत आपले मख्ख.

सभागृह फुटलं. बाईंना कळायला दोन क्षण लागले, आणि मग त्या इतक्या मोठ्याने हसल्या की पुढच्या रांगेतले वळून बघायला लागले. बघेनात का. इतक्या वर्षांचं अंदाजाने हसणं त्या एका दमात फेडून घेत होत्या. डोळ्यांतून पाणी आलं, उजवा डोळा मिटला तो उघडेना. उघडला तेव्हा पेंटर त्यांच्याकडेच बघत होता. त्याने डोळा मारला.

या वेळी बाई बघत होत्या.